गाडी वजा जाता

"बाजार कसा भरला होता?" असं कुणी विचारलं, की हरिबा म्हणायचे, "बघे वजा करा, मग सांगतो." लग्नाला किती पानं उठली, सभेला किती माणूस जमलं, कशातूनही आधी काहीतरी वजा केल्याशिवाय त्यांना उत्तर देता येत नसे. ही सवय काट्यावरची होती.

घाटाखालच्या सहकारी साखर कारखान्यात हरिबा सव्वीस हंगाम वजनकाट्यावर बसले. उसाने भरलेली बैलगाडी काट्याच्या लोखंडी पत्र्यावर चढायची, ते भरलं वजन लिहायचे. गव्हाणीत ऊस टाकून तीच गाडी परत यायची, मग रितं वजन. भरल्यातून रितं वजा केलं की उरायचा तो ऊस. गाडीच्या वजनाशी कारखान्याला काही देणंघेणं नव्हतं. हरिबांनाही नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांच्या काट्यावरून किती लाकूड आणि लोखंड आलं-गेलं असेल, त्याची कुठेच नोंद नाही. ते सगळं वजा झालं.

गाडीवान नाना तऱ्हा करायचे. कुणी पोत्याखाली धोंडा ठेवायचा आणि परतताना तो ओढ्यात टाकून यायचा. वाघदऱ्याच्या वस्तीवरचा आश्रुबा एरवी शेळ्या राखायचा आणि हंगामात गाडी हाकायचा. तो भरल्या गाडीवर ऐटीत बसून राही आणि रित्या वेळी हळूच उतरून बाजूला उभा राही.

"उतर बे खाली," हरिबा खिडकीतून ओरडायचे. "तुझं काय गाळप करायचंय व्हय?"

"करा की. गोडच निघंन मी."

"तुझ्यातून नुसती मळी निघंन. उतर."

आश्रुबा हसत उतरायचा. हरिबांचा काटा म्हणजे खरा, हे चकलांब्यापासून धारूरपर्यंतच्या शेतकऱ्यांना माहीत होतं. एका संचालकाची गाडीही त्यांनी परत फिरवून दुसऱ्यांदा तोलली होती. दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. घर दोन खोल्यांचं, जमीन माळाची, पोटी मूल नाही. खऱ्या वजनाचा माणूस, एवढंच त्यांचं नाव.

मग पाऊस हटला. एक वर्ष, दुसरं, तिसरं. ऊस आधी खुरटला आणि नंतर कुणी लावेनासाच झाला. दोन हजार चौदाच्या हंगामात बॉयलर पेटलाच नाही. कारखान्याने भंगार विकायला काढलं, त्यात शेतकी खात्याची जुनी जीप होती. कारखान्यात येण्याआधी ती कधीकाळी लष्करात होती म्हणे. चारही चाकांना ताकद देणारी, छत फाटलेली, पण कुठलाही चढ चढणारी. दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव यांनी ती संस्थेसाठी घेतली, वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायला. हरिबांना गाडी चालवता येत होती. काट्यावरून उठलेले हरिबा जीपवर बसले.

पण जिथे चारा नाही तिथे दूध कुठून येणार? सोळा साली शिवरात्रीपर्यंत संस्थेत दिवसाला दोनच कॅन जमू लागले. त्याच सुमारास तहसीलमधून निरोप आला. वाघदऱ्याच्या वस्तीला टँकर चढत नाही, तुमची जीप देता का? मागे ट्रेलर जोडून पाणी पोचवायचं.

वाघदरा ही चौतीस घरांची वस्ती, बालाघाटाच्या कडेवर. वाट अशी, की बैलसुद्धा मध्ये थांबून दम घेतात. तिथल्या एका वळणाला नावच बैलथांबा. हरिबांच्या बायकोचं, मनकर्णाबाईंचं हे माहेर. म्हणजे हरिबा साऱ्या वस्तीचे जावई.

वडवणीच्या वेल्डिंगवाल्याने जाड पत्र्याची टाकी आणि तितकाच जाडजूड ट्रेलर बनवून दिला. टाकी बाराशे लिटरची. परवानगीचा कागद आला तेव्हा सुंदररावांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"हरिबा, नीट ऐका. ह्या जीपनं मागं एक हजार किलोच्या वर वजन ओढायचं न्हाई. जास्त भरलं आन् कुनी धरलं तर परवानगी रद्द. मग वस्तीला दुसरी सोय न्हाई."

"एक हजार म्हंजी एक हजार," हरिबा म्हणाले. "मला सांगावं लागतं व्हय?"

ते त्याच दिवशी कारखान्यावर गेले. कारखाना बंद होता, पण त्याच्या आवारात जनावरांची छावणी लागली होती आणि चाऱ्याचे ट्रक तोलायला काटा चालू ठेवला होता. तिथे आता सटवा बसायचा. दहा वर्षं तो हरिबांच्या हाताखाली होता. दोघांनी रिता ट्रेलर तोलला, चारशे चाळीस. मग पाणी भरत भरत काटा चौदाशे चाळीसवर आणला. चौदाशे चाळीसातून गाडी वजा. राहिलं एक हजार. पाणी जिथवर आलं होतं, तिथे हरिबांनी टाकीच्या आत-बाहेर तांबड्या ऑइलपेंटने रेघ मारली.

"एक किलो हिकडं न्हाई, एक किलो तिकडं न्हाई," सटवा म्हणाला. "काका, हात अजून तसाच हाय तुमचा."

हरिबांना फार दिवसांनी बरं वाटलं.

खालच्या विहिरीवर वस्तीची पाळी दोनदा होती, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. मधल्या वेळात तिथे दुसऱ्या गावांचे टँकर लागलेले असत. दोन खेपांचे दोन हजार लिटर. घरटी जवळजवळ चार हंडे. त्यात पिणं, स्वयंपाक, शेळ्या, म्हातारी माणसं, सगळं. वरच्या अंगाला, रेघेच्या वर, टाकीत दोनशे लिटरची जागा रोज रिकामी जायची आणि चौतीस घरांच्या बायका रोज तिच्याकडे बघायच्या.

सगळ्यांत जास्त बोलायची ती साखराबाई. आश्रुबाची बायको, आणि मनकर्णाबाईंची धाकटी चुलत बहीण. मेव्हणीच्या नात्याने तिला हरिबांना काहीही बोलायची मुभा होती.

"आमचा जावईच न्यारा. सासुरवाडीला पानी पाजतो, पर रेघ मारून!"

हरिबा पाइप सोडत हसायचे. "रेघेखालचं तरी मिळतंय न?"

एप्रिलच्या शेवटी तिची सून बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी साखराबाई जीपच्या बोनेटपाशी येऊन उभी राहिली. तेव्हा तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"दाजी, घरात बाळंतीन हाय. कपडं, न्हानं, काय काय असतंय. उद्या एक हंडा रेघेच्या वर भरून आना. एकच. माझ्या नावानं."

"एक हंडा म्हंजी पंधरा किलो, साखरा."

"पंधरा किलोनं जीप मरती व्हय?"

"आज तुझा एक. उद्या कुनाच्या घरी म्हातारं आजारी, परवा कुनाचे पाव्हने. मग रेघ कशाला मारली? धरलं तर सगळ्यांचंच जाईन."

साखराबाई बोनेटपासून मागे सरली. मग नेहमीसारखी बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आमची मनकर्णाक्का कशी नांदली असंन ह्या मानसापाशी! हे तर भाकरीतून तवा वजा करून खात असत्याल."

सगळ्या बायका हसल्या. हरिबाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी रेघेपर्यंतच आणलं.

त्यानंतर दोन दिवसांनी साखराबाई दरीत उतरली. खाली कपारीत एक झिरा होता, वाटीवाटीने भरायचा. तासाभराने हंडा भरला. तो डोक्यावर घेऊन चढताना सुट्या मुरमावर तिचा पाय सरकला. घोंगडीची झोळी करून चौघांनी तिला वर आणलं. हरिबांनी त्या दिवशी ट्रेलर सोडून ठेवला आणि जीपच्या मागच्या फळीवर तिला निजवून आधी धारूरला, तिथून अंबाजोगाईला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. वाटेत ती कण्हत होती, पण हरिबांना एक शब्द बोलली नाही. आश्रुबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

घरी आल्यावर हरिबा मनकर्णाबाईंना म्हणाले, "नियम मोडला असता तर सगळ्या वस्तीचं पानी तुटलं असतं."

मनकर्णाबाई चूल सारवत होत्या. सारवतच राहिल्या.

"मी काय चुकीचं केलं का?"

"मी म्हनले का तसं?" त्या म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात लागेल तेवढंच बोलल्या.

मे महिना लागला. बैलथांब्याच्या वळणावर हरिबांना एक गोष्ट जाणवायची. तिथल्या चढावर जीपची पुढची चाकं हलकी व्हायची. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी क्षणभर ऐकायची नाही, जणू ती जमिनीवर नाहीच. क्लचचा करपलेला वास यायचा. हरिबा मनात म्हणायचे, जुनं जनावर आहे, थकलं असेल.

त्याच महिन्यात दुसऱ्या तालुक्यात पाण्याचा एक ट्रॅक्टर-ट्रेलर उलटला आणि पाणी वाहणाऱ्या सगळ्या गाड्यांची वजनं तपासायचा आदेश निघाला. हरिबांना निरोप आला, भरल्या ट्रेलरसह छावणीच्या काट्यावर या. ते नवा सदरा घालून गेले. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना तोलणाऱ्या माणसाला स्वतः काट्यावर चढायची भीती कसली?

निरीक्षक तरुण होते. उन्हाने तोंड लाल झालेलं, हातात पाण्याची बाटली. ट्रेलर पत्र्यावर चढला आणि सटवाने आकडा वाचला, "चौदाशे चाळीस."

निरीक्षकांनी कागद पाहिला. "परवानगी तर हजाराची आहे."

"व्हय साहेब. गाडी वजा करा न," हरिबा म्हणाले. "चारशे चाळीस गाडी. राह्यलं हजार. रोजचं बरोबर असतंय."

"गाडी वजा होत नाही, काका."

हरिबांना वाटलं, हा मुलगा नवा आहे. ते समजावून सांगायच्या सुरात म्हणाले, "साहेब, भरल्यातून रितं वजा करावं लागतं. मी हितंच होतो काट्यावर, सव्वीस हंगाम."

"ते उसाचं झालं. तिथं मालाचं वजन हवं होतं." निरीक्षक शांतपणे बोलत होते, तेच जास्त लागत होतं. "हे ओढायचं वजन आहे. मागं हूकला जे जे लावलं, ते सगळं धरायचं. पत्रा, चाकं, टाकी, पाणी. जीपला काय कळतं, गाडी कुठली न् माल कुठला? चढावर तुमची पुढची चाकं हलकी होत असतील, बघा."

सटवा खिडकीतून हरिबांकडे बघत होता. त्याने मान खाली घातली.

"म्हंजी पानी किती?" हरिबांनी विचारलं. हिशोब त्यांना केव्हाच आला होता.

"पाचशे साठ लिटर."

निरीक्षकांनी आजूबाजूला पाहिलं. दावणीला बांधलेली जनावरं, त्यांच्या वर आलेल्या बरगड्या. ते हळू आवाजात म्हणाले, "मी पाचशे साठ लिहून घेतो. आज भरलंय तसं घेऊन जा. रोज उठून कोण बघायला येणार आहे?"

यात मेहेरबानीच होती. हरिबांनी ती ऐकली आणि टाकीखालचा नळ उघडला. छावणीतल्या हौदात चारशे चाळीस लिटर पाणी पडायला अर्धा तास लागला. जनावरांनी माना वळवल्या. हरिबा नळापाशी उभे राहिले आणि त्यांना काट्यावरचे कुठलेच आकडे आठवेनात. एकच आठवत होता. पंधरा.

सत्तर दिवस ते रोज चारशे चाळीस किलो जास्त ओढत होते. आणि ज्या नियमाच्या नावाने पंधरा किलो नाकारले, तो त्यांनी एकाही दिवशी पाळला नव्हता.

जाताना बैलथांब्याला जीप सरळ चढली. स्टिअरिंग हातात जड आणि खरं लागत होतं. त्यांना रडू आलं असतं, पण समोर वळण होतं.

वस्तीवर प्रत्येक घराचा पहिल्या खेपेचा वाटा दोन हंड्यांचा. त्या दिवशी एकेकच आला. हरिबांनी कुणी विचारायच्या आत सगळं सांगितलं. माझी चूक झाली. वजन गाडीसकट धरायचं होतं, मी गाडी सोडून धरलं. आता दोन्ही खेपा मिळून घरटी दोनच हंडे येतील.

मग मागून केसरबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "तुला कुनी इचारलं होतं का रं बाबा? गप भरून आनायचं."

"उलटली असती, मावशी. कवाबी उलटली असती."

"सत्तर दिस न्हाई उलटली ती."

"खरं बोलायचं याला खूळ हाय," दुसरी कुणीतरी म्हणाली. "आन् याचं खरं दर बारीला आमच्याच हंड्यातून जातंय."

हरिबांनी साखराबाईच्या वाट्याचा हंडा स्वतः उचलला आणि तिच्या घरी नेला. ती बाजेवर उताणी पडली होती. पलीकडे सुनेच्या मांडीवर बाळ किरकिरत होतं. साखराबाईने बाहेरचं सगळं ऐकलं होतं.

"दाजी, तो हंडा कितीचा हो?"

"पंधरा लिटर."

"तसं न्हाई. रिता. रिता किती भरतो? तुमाला ठावं असंन."

तांब्याचा हंडा होता, तिच्या लग्नातला. हरिबांनी अंदाज घेतला. "साडेतीन किलो."

"दरीतून वर येताना ते साडेतीन किलो माझ्या डोक्यावरून कुनी वजा केलतं का?"

ती रागाने बोलली नाही. खरंच विचारत असल्यासारखं बोलली. हरिबा हंडा कोपऱ्यात ठेवून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सुंदररावांना सांगून त्यांनी तहसीलमध्ये तिसऱ्या खेपेचा अर्ज दिला. अर्जाचं काय व्हायचं ते होईल, म्हणून थांबले नाहीत. दुपारची खेप झाली की ट्रेलर वडवणीला न्यायचा आणि त्यातून लोखंड काढायचं, हे त्यांनी सुरू केलं. आधी जाड पत्र्याची टाकी उतरवली आणि संस्थेच्या छपरावरची प्लास्टिकची टाकी तिथे बसवली. मग बाजूच्या फळ्या कापल्या. मागचं झाकण, उभं करायचा टेकू, जादा चाक. प्रत्येक तुकडा ते सटवाकडे नेऊन तोलायचे.

"काका, हे काय चाललंय?" सटवाने विचारलं.

"गाडी वजा करतोय."

सटवाला हसू आलं, मग आलेलं हसू थांबलं.

दहा दिवसांनी ट्रेलर दोनशे पंधरा किलोवर आला. नुसती चौकट, दोन चाकं आणि वर दोरांनी बांधलेली काळी टाकी. त्याहून एक पट्टी काढली असती तर तो मोडला असता. पाण्याला सातशे पंच्याऐंशी उरले. दोन खेपांत घरटी तीन हंडे. तिसरा हंडा आला त्या दिवशी वस्तीवर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चारचे तीन झाले होते, हेच लोकांच्या ध्यानात होतं. हरिबांची अपेक्षाही नव्हती. ते रोज दोन्ही खेपांना पहिला हंडा साखराबाईच्या घरी स्वतः टाकून यायचे. ती कधी जागी असायची, कधी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मनकर्णाबाईही आता त्यांच्यासोबत जीपमधून येऊ लागल्या होत्या, बहिणीची वेणी घालायला. वाटेत नवरा-बायको बोलत नसत. बैलथांब्याला मनकर्णाबाई पुढची दांडी धरायच्या.

तिसऱ्या खेपेची मंजुरी जूनच्या मध्याला आली. आभाळ तेव्हाही पांढरं होतं. त्या दिवशी घरटी पुन्हा चार हंडे भरले आणि वर थोडं उरलंही. हरिबांनी चौथा हंडा उचलून साखराबाईच्या दारात नेला. आश्रुबा अंगणात काठी तासत बसला होता. बायकोला टेकून उभं राहता यावं म्हणून.

"साखरा, हा तुझा," हरिबा म्हणाले. "बाळंतिनीचा."

"ती कवाच उठली, दाजी. बाळंत होऊन दीड महिना झाला." बाजेवरून आवाज आला. मग, "असू द्या. पोराला घाला त्यातून आंगूळ. उन्हात घाला."

सुनेने अंगणात पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं. मनकर्णाबाई तांब्याने पाणी घालू लागल्या. बाळ आधी दचकलं, मग हातपाय झाडू लागलं. पाणी सुनेच्या पायांवरून ओघळून धुळीत जात होतं आणि जाताच दिसेनासं होत होतं. साखराबाईने मान वळवून दारातून दिसेल तेवढं पाहिलं. ती जागची उठू शकत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काठीने घरात फिरेल, दरी मात्र आता नाही. तशी आता कुणी तिला दरीत जायलाही सांगणार नव्हतं.

"किती तांबे झाले, दाजी?" तिने आतून विचारलं.

"मोजले न्हाईत."



संध्याकाळी हरिबा आणि मनकर्णाबाई उताराला लागले. मागे रिता ट्रेलर प्रत्येक दगडावर उड्या मारत होता, चौकट खडखडत होती. एवढं लोखंड काढूनही रित्या गाडीचा धक्का हूकमधून जीपला आणि जीपमधून त्यांच्या पाठीला लागत होता. बैलथांबा आला. मनकर्णाबाईंनी दांडी धरली. हरिबांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं सगळं वजन धरून हळूहळू वळण घेतलं.